गणेशपेठच्या पुढचं नागपूर

आमच्या शिरपूर जैनहून नागपूरला जाणारा माणूस कामासाठीच जातो. कोणाची हायकोर्टात तारीख असते, कोणाला मेडिकलमध्ये दाखवायचं असतं, पोरापोरींच्या परीक्षा असतात, नाहीतर डिसेंबरात अधिवेशनावर मोर्चा असतो. मालेगावला येऊन पहाटेची एसटी धरायची, गणेशपेठच्या स्टँडवर उतरायचं, ऑटोने कामाच्या जागी जायचं आणि अंधार पडायच्या आत परतीची गाडी पकडायची. माझ्या वडिलांनी नागपूर असंच पाहिलं, मीही असंच पाहत आलो.

जानेवारीत मुलीची परीक्षा होती. नातीला परक्या गावी कसं पाठवायचं म्हणून मायही सोबत आली. मुलगी दुपारी केंद्रात गेली, ती संध्याकाळीच बाहेर येणार होती. बाकीचे आईबाप फाटकाबाहेर पेपर अंथरून बसले होते. मायला म्हटलं, बसून काय करतो, चल, हिंडून येऊ. तिच्या गुडघ्यांना सोसेल इतपतच चालायचं ठरवलं आणि ऑटोने महाराजबागेत गेलो.

महाराजबाग ही मुळात भोसल्यांची बाग. 1894 पासून तिथे प्राणिसंग्रहालय आहे. बाग सांभाळतं शेजारचं कृषी महाविद्यालय. हे महाविद्यालय 1906 सालचं आणि आता अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे आहे. ज्या विद्यापीठाच्या वाणाची तूर आणि हरभरा आमच्याकडे पेरतात, त्याच विद्यापीठाकडे नागपूरच्या मधोमध वाघ-अस्वलंही आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. फार बरं वाटलं.

वाघापाशी गर्दी होती. माय मात्र रोह्यांच्या कुंपणापाशी थांबली ती हलेचना. आमच्या भागात रोही म्हणजे रब्बीचा वैरी. हरभरा घाट्यावर आला की रात्रभर जागल करावी लागते. जाळीजवळ एक मोठा नर उभा होता. निळसर राखाडी अंग, गळ्याखाली पांढरा डाग आणि त्याखाली केसांचा झुबका, खुरांच्या वर पांढरी कडी. तो रवंथ करत आमच्याकडे पाहत होता. माय म्हणाली, "इतक्या जवळून कधी पायलंच नाही बाप्पा यायले. वावरात रातच्याले बॅटरीत नुसते डोये दिसतात." सारी उमर ज्या जनावराला हाकललं, त्याला ती पहिल्यांदा उजेडात पाहत होती. मी घाई केली नाही.

तिथून व्हरायटी चौकात आलो. चौकात गांधीजींचा पुतळा आहे आणि जवळच सीताबर्डीची टेकडी. त्या टेकडीवर नोव्हेंबर 1817 मध्ये अप्पासाहेब भोसल्यांची फौज इंग्रजांशी लढली आणि हरली. पुढे इंग्रजांनी तिथे किल्ला बांधला. किल्ला लष्कराकडे आहे आणि वर्षातून मोजक्या दिवशीच लोकांना वर सोडतात, म्हणून आम्ही तो खालूनच पाहिला.

थोडं पुढे मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटजवळ गोवारी शहीद स्मारक आहे. 23 नोव्हेंबर 1994 ला आपल्या जमातीला आदिवासींच्या सवलती मिळाव्यात म्हणून गोवारी समाजाचा मोर्चा अधिवेशनावर आला होता. पोलिसांनी लाठी चालवली, पळापळ झाली आणि चेंगराचेंगरीत 114 माणसं गेली. त्यात बायका आणि लेकरं पुष्कळ होती. गुरं राखणारी, पूर्व विदर्भातल्या खेड्यांतून आलेली माणसं. मायने ते आकडे विचारले, मी सांगितले. तिने चपला काढल्या, हात जोडले आणि म्हणाली, "आपल्यासारखेच आले असतीन, घरून भाकर बांधून." मला वाटतं, नागपूरला मोर्चाला येणाऱ्या प्रत्येकाने इथे दोन मिनिटं थांबलं पाहिजे.

मग झिरो माइल. शाळेच्या पुस्तकामुळे हे नाव आम्हा सगळ्यांना पाठ असतं. प्रत्यक्षात वाळूच्या दगडाचा एक स्तंभ, जवळ झेप घेणारे चार घोडे आणि सर्वेक्षण खात्याचा 1907 सालचा मोजणीचा दगड. देशाचा मध्यबिंदू म्हणून लोक इथे फोटो काढतात. मला जास्त ओढ होती ती स्तंभावर कोरलेल्या गावांची. हैदराबाद, चांदा, रायपूर, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल आणि प्रत्येकापुढे मैल. मी एकेक नाव मोठ्याने वाचत होतो. मायने विचारलं, "अन् आपलं वाशीम?" वाशीम नाही. अकोला नाही, अमरावतीही नाही.

तिला मग सांगत बसलो. वऱ्हाड 1853 पासून इंग्रजांच्या ताब्यात होता, पण त्याचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटकडून चालायचा. 1903 मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला आणि तेव्हापासून आमचा कागद नागपूरला येऊ लागला. आमचा वाशीम जिल्हा 1905 मध्ये मोडून अकोल्यात घातला होता, तो थेट 1998 मध्ये परत झाला.

शिरपूरच्या माणसाला हे समजायला आपल्या अंतरिक्ष पार्श्वनाथाचंच उदाहरण पुरे आहे. मंदिराच्या हक्कावरून श्वेतांबर आणि दिगंबर यांच्यात 1910 मध्ये दावा लागला. 1918 ला अकोल्याचा निकाल, 1923 ला इथल्या, नागपूरच्या ज्युडिशियल कमिशनरच्या कोर्टाचा निकाल आणि 1929 ला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलचा. तरी तंटा मिटला नाही. 1981 पासून गाभारा बंद राहिला. चाळीसेक वर्षं लोक झरोक्यातून मूर्ती पाहत राहिले. सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने 2023 मध्ये दार उघडलं. दार बंद झालं आणि उघडलं, हे मायच्या डोळ्यांसमोरचं आहे. पण आपल्या गावच्या देवळाचा कागद शंभर वर्षांपूर्वी याच शहरातून गेला होता, हे तिला माहीत नव्हतं. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारलं, "तवा एसटी तं नसंन. कसे येत असतीन लोकं?" याचं उत्तर मलाही त्या उन्हात उभं राहून शोधावंसं वाटलं. बैलगाडी, मग अकोल्याची रेल्वे. एका तारखेसाठी केवढा प्रवास.

झिरो माइलपासून विधानभवन अगदी जवळ आहे. डिसेंबरात टीव्हीवर दिसते ती हीच इमारत. अधिवेशन संपलेलं, कठडे उचललेले, रस्ता मोकळा. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि नागपूरची राजधानी गेली. 1953 च्या नागपूर करारात ठरल्याप्रमाणे सरकार वर्षातून एकदा इथे येतं. आमच्या सोयाबीनच्या भावाचे, पीकविम्याचे, अनुशेषाचे प्रश्न इथे थोडे दिवस बोलले जातात. ते दिवस वाढले पाहिजेत, असं माझं स्पष्ट मत आहे. एवढी भक्कम वास्तू वर्षातले बहुतेक महिने बंद ठेवणं विदर्भाला परवडणारं नाही.

संविधान चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्याला नमस्कार करून कस्तुरचंद पार्कवर पोचलो. पार्क म्हणतात, पण आहे मोठं थोरलं मैदान. बिकानेरकडच्या डागा सावकारांच्या घराण्यातल्या सर कस्तुरचंद डागांचं नाव त्याला दिलेलं आहे. मधोमध दगडी छत्री. सभा, प्रदर्शनं, 26 जानेवारीचं ध्वजवंदन, सगळं इथेच. झाडं कमी आणि मोकळी जागा भरपूर. पोरं क्रिकेट खेळत होती. माय कडेच्या सावलीत पाय पसरून बसली. पिशवीतून तिळाची पोळी आणि ठेच्याची डबी निघाली, टपरीवरून मी दोन चहा आणले. शहराच्या मधोमध एवढी जागा कोणी विकली नाही, याचं तिला फार अप्रूप वाटलं. मलाही वाटलं.

दीक्षाभूमी राहिली. ती दूर आहे, आणि 14 ऑक्टोबर 1956 ला जिथे लाखो माणसांचं आयुष्य बदललं, ती जागा उरलेल्या अर्ध्या तासात उरकायची नाही, असं मीच म्हटलं. अजबबंगलाही राहिला. ते 1863 सालचं वस्तुसंग्रहालय याच वाटेवर आहे, पण मायचे गुडघे बोलू लागले होते.

वाशीम, अकोला, बुलढाणा, यवतमाळकडच्या लोकांना माझं एवढंच सांगणं आहे की कामाला नागपूरला आलात आणि मधे दुपार मोकळी मिळाली, तर ती फाटकाबाहेर पेपर अंथरून घालवू नका. महाराजबागेपासून कस्तुरचंद पार्कपर्यंतची ही वाट पायी होण्याजोगी आहे आणि आपला सव्वाशे वर्षांचा कारभार तिच्या दोन्ही बाजूंना उभा आहे. सोमवारी अजबबंगला बंद असतो, तेवढं पाहून या. म्हातारं माणूस सोबत असेल तर झिरो माइलहून कस्तुरचंद पार्क हे मेट्रोचं पुढचंच स्टेशन आहे.