तेंदूपत्ता आणि शेक

आमच्या आरमोरी भागात धान घरात आला म्हणजे वर्षाची कमाई झाली, असं नसतं. चैतात मोहफुलं वेचायची, मग मे महिन्यात तेंदूपत्ता. 70 पानांचा एक पुडा. असे पुडे बांधूनच हातात नगदी पैसा येतो. हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा.

माझ्या डाव्या स्तनातली गाठ दिवाळीनंतर नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयात काढली. स्तन राखला, काखेतल्या गाठी मात्र काढल्या. मग दर 21 दिवसांनी किमो. केस गेले, तोंडाची चव गेली. पण तेही दिवस निघाले. खरा पेच पुढे पडला. रेडिएशन घ्यायचं होतं, ज्याला आमच्याकडे शेक म्हणतात. आठवड्यातून पाच दिवस, असे तीन आठवडे. आणि तारीख आली ती नेमकी मे महिन्यातली.

सासूबाई म्हणाल्या, "गाठ त गेली न माय, आता काहाले नागपूरले जातेस?" त्यांचंही चूक नव्हतं. जखम भरली होती, दुखत काही नव्हतं. लेकीची कॉलेजची फी पुड्यांवरच भरायची होती. ब्रह्मपुरी, नागभीड, भिवापूर, उमरेड करत नागपूर. रोज जाणं-येणं होणारं नव्हतं.

डॉक्टर मॅडमला मी सरळ विचारलं, "पत्ता झाल्यावर जूनमध्ये आली त?" त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "निंदण केलं तरी तणाचं बी मातीत राहतं ना? डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशींसाठी हे शेक आहेत. उशीर नको." मी मनाशी हिशेब केला. जूनमध्ये पऱ्हे, मग रोवणा, मग निंदण. थांबायला कारण बाराही महिने मिळालं असतं.

मी नागपूरला चुलत नणंदेकडे राहिले. नवरा नि लेक जंगलात गेले. पुडे निम्मेच झाले. फीचे पैसे बचत गटातून उचलले, धान विकून फेडले.

आता रोज एक टॅमॉक्सिफेनची गोळी, निदान पाच वर्षं. सकाळी भिंतीवर बोटं चढवत हात वर न्यायचा. काखेतल्या गाठी काढल्या की हात सुजायची भीती असते, त्याला काटा रुतू द्यायचा नाही. म्हणून पत्ता तोडायला मी जात नाही. घरी बसून पुडे बांधते. दवाखान्यात बीपीचा पट्टा लावायला आले, की उजवा हात पुढे करते.

गावातल्या बाया विचारतात, "गाठ काढली का झालं न?" मी सांगते, "नाही वं बाई. अजून का बाकी हाय, थे विचारूनच घरी ये."