फुट्सक्रेचे गुडघे

मेलबर्न शहरातून मॅरिबर्नाँग नदी ओलांडली की पश्चिमेची उपनगरं सुरू होतात. त्यातलं पहिलंच फुट्सक्रे. एके काळी इथे कत्तलखाने होते, दारूगोळ्याचा कारखाना होता, आणि नदीपलीकडची माणसं या बाजूचं नाव काढलं की नाक मुरडायची. आता व्हिएतनामी फो, इथिओपियन खानावळ आणि आपल्या डाळी-पिठांचं दुकान एकाच रस्त्यावर सापडतं. आणखी पश्चिमेला टार्नीट, पॉइंट कुककडे गेलं की बागेत फिरताना मराठीही कानावर पडतं. मी सांगलीची. याच भागातल्या एका लहानशा क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. माझा दिवस गुडघे, खांदे आणि कमरा यांत जातो.

इथला फुटबॉल म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स. सगळे त्याला ‘फुटी’ म्हणतात. क्रिकेटचंच लंबगोल मैदान, एका बाजूला अठरा खेळाडू, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांमधून लाथाडलेला चेंडू गेला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. ऑफसाइड नाही. चेंडू हाताने फेकायचा नाही, मुठीने ठोसून द्यायचा किंवा लाथेने मारायचा. चेंडू झेलायला खेळाडू पळत येऊन दुसऱ्याच्या पाठीवर गुडघा रोवून हवेत चढतो. लोकांना ते चढणं आवडतं. माझी नजर व्यवसायामुळे उतरण्याकडे जाते. सगळं वजन एका पायावर, गुडघा किंचित आत वळलेला, शरीर भलतीकडे फिरतंय, आणि आत मांडीचं हाड नडगीच्या हाडाशी बांधून ठेवणारा तो बोटाएवढा बंध, एसीएल. तो तुटला की वर्ष गेलं.

2016 साली मी वेस्टर्न बुलडॉग्जची सदस्य झाले, त्याला कारण क्लिनिकमध्ये येणारे एक आजोबा. वय 71, उजवा गुडघा पार झिजलेला, सांधा बदलण्याशिवाय गत्यंतर नाही असं सर्जनने लिहून दिलेलं. ते तारीख घेत नव्हते.

“सप्टेंबरनंतर बघू,” म्हणाले.

“सप्टेंबरात काय आहे?”

“काही नसतं. दर वर्षी काहीच नसतं. पण असलं तर?”

सप्टेंबर म्हणजे बाद फेरी. बुलडॉग्ज हा मूळचा फुट्सक्रेचा क्लब. 1925 साली मोठ्या लीगमध्ये आला आणि तेव्हापासून त्याने एकदाच विजेतेपद मिळवलं होतं, 1954 मध्ये. आजोबा तेव्हा नऊ वर्षांचे होते. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला. त्यांच्या खांद्यावर बसून त्यांनी मेलबर्न संघाला 51 गुणांनी हरताना पाहिलं. 1961 ला पुन्हा अंतिम सामना, हॉथॉर्नकडून हार. मग अंतिम सामनाच नाही. 1989 मध्ये तर कर्जाखाली दबलेला हा क्लब फिट्झरॉयमध्ये विलीन करायचं जवळपास ठरलंच होतं. पीटर गॉर्डन नावाच्या तरुण वकिलाने लोकांना उभं केलं, डबे वाजवत पैसे गोळा झाले आणि क्लब वाचला. आजोबांनीही स्टेशनाबाहेर डबा धरला होता. हे ते छाती फुगवून सांगत नसत; लाइटबिल भरल्याचं सांगावं तसं सांगत.

मला खेळ नीट कळायच्या आधीच पहिला धक्का बसला. एप्रिलमध्ये तिसऱ्याच फेरीत हॉथॉर्नविरुद्ध डॉकलंड्सच्या स्टेडियममध्ये मी बसले होते. शेवटची काही मिनिटं उरली असताना कर्णधार बॉब मर्फी खाली पडला. पडण्याची ती तऱ्हा मला ओळखीची होती. शेजारच्या बाई म्हणत होत्या, “मुरगळला असेल.” मी गप्प राहिले. मर्फी 33 वर्षांचा होता आणि दहा वर्षांपूर्वी एकदा एसीएल फाटून बरा झालेला होता. हा माणूस त्या क्लबचा निव्वळ कर्णधार नव्हता. त्याच्या खेळात एक आळसावलेला डौल होता, तो वर्तमानपत्रात छान लिहायचा, आणि पश्चिमेकडचे लोक त्याच्याबद्दल घरातल्या मुलासारखं बोलायचे. सामना आम्ही तीन गुणांनी हरलो, पण त्याचं कुणाला फारसं सुतक नव्हतं. दुसऱ्या दिवशी एसीएलचं निदान झालं आणि क्लिनिकमध्ये प्रत्येक पेशंटने मला एकच प्रश्न विचारला, जणू काही उपचार मीच करणार होते.

नंतर रांगच लागली. मागून वाऱ्यासारखा धावत येणाऱ्या जेसन जोहॅनिसनची मांडीची शीर गेली. जुलैमध्ये सेंट किल्डाविरुद्ध एकाच संध्याकाळी मिच वॉलिसच्या पायाची दोन्ही हाडं मोडली आणि जॅक रेडपाथचा एसीएल फाटला. सामना जिंकून खेळाडू रडत बाहेर आले. पुढच्या आठवड्यात टॉम लिबरटोरे आणि जॅक मॅक्रे जायबंदी. या काळात जिंकलेल्यांपैकी जोहॅनिसनचा सिडनीतला गोल तेवढा मनात राहिला: तो परतला आणि शेवटच्या काही सेकंदांत त्याने सामना काढून दिला. बाकी सगळं वर्ष म्हणजे इजा झालेल्यांची यादी. प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिज दर आठवड्याला नवाच पोरगा मैदानात उतरवायचे आणि तो पोरगा असा खेळायचा, जणू जन्मापासून तिथेच होता. याचं श्रेय लोक जिद्दीला देतात. माझं मत थोडं रुक्ष आहे. या संघात कुणाची जागा पक्की नव्हती आणि कुणाचं काम अगदी ठरलेलं नव्हतं. मुठीने चेंडू पुढे ढकलत राहायचं, जो जवळ असेल त्याने ते करायचं. त्यामुळे एक गेला तर दुसरा सांधा भार उचलत होता.

साखळी संपली तेव्हा 15 विजय, 7 पराभव आणि बाद फेरीत जाणाऱ्या आठ संघांत सातवा क्रमांक. सातव्या क्रमांकावरून कुणीही कधी जिंकलेलं नव्हतं. पण त्या वर्षी लीगने पहिल्यांदाच बाद फेरीआधी सगळ्यांना एक आठवडा मोकळा दिला. लोक कुरकुरले. मी मनात म्हटलं, हा आठवडा म्हणजे उताराच आहे. अर्ध्या बऱ्या झालेल्या शिरेला आणि घोट्याला सात दिवसांत काय फरक पडतो, ते आमच्या धंद्यातल्यांना विचारा. लिबरटोरे आणि मॅक्रे परत आले.

गौरी-गणपतीचे दिवस होते. 8 सप्टेंबरच्या रात्री पर्थमध्ये वेस्ट कोस्टशी सामना होता आणि आमच्याकडे आरतीला मंडळी आलेली. पर्थला जाऊन हा संघ जिंकेल असं कुणी म्हणत नव्हतं. प्रसादाची ताटली हातात धरून माझा नवरा टीव्हीसमोर उभाच राहिला, आणि मागून एक काकू म्हणाल्या, “अहो, हे लाल-निळे आपले का?” त्या क्षणापासून ते आपले झाले. 99 विरुद्ध 52. पुढच्या आठवड्यात, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर, म्हणजे एमसीजीवर, हॉथॉर्न. सलग तीन वर्षांचे विजेते. मी वरच्या मजल्यावर बसले होते आणि कुणी पकडलं की भोवतीचे हजारो लोक ज्या एकाच आवाजात “बॉल!” ओरडतात, तो आवाज माझ्या तोंडून आपोआप निघत होता. तिसऱ्या सत्रात सामना फिरला, 23 गुणांनी जिंकलो. घसा तीन दिवस बसला.

उपांत्य सामना 24 सप्टेंबरला, सिडनीच्या पश्चिमेला, जीडब्ल्यूएस संघाच्या मैदानावर. याच क्लबात 2014 च्या शेवटी आमचा तेव्हाचा कर्णधार निघून गेला होता आणि त्यांच्याकडून टॉम बॉइड नावाचा उंचापुरा पोरगा भल्यामोठ्या करारावर इकडे आला होता. लोक गाड्या भरभरून ह्यूम हायवेने निघाले. आईचा फोन आला तेव्हा मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, “पितृपक्ष आहे गं, आत्ता काही चांगलं ठरवू नका.” मी हसले, पण क्लिनिकमध्ये तो आठवडा खरोखर पितृपक्षासारखाच चालला होता. जो येई तो आपल्या गेलेल्या माणसांबद्दल बोले. कुणाचा बाप 1961 बघून घरी येऊन जेवला नव्हता. कुणाच्या आजीने मफलर विणून ठेवला होता, नातवाने तो पेटीतून काढला. खांद्याचे व्यायाम करता करता एक ट्रकचालक म्हणाला, “जिंकलो तर आधी स्मशानात जाणार, मग पबमध्ये.” ऑस्ट्रेलियन माणूस मेलेल्यांबद्दल सहसा इतकं बोलत नाही. मला परकं वाटलं नाही. इथे कावळ्याला पान ठेवत नाहीत, एवढंच.

त्या सामन्यात क्ले स्मिथने पहिल्या अर्ध्यातच चार गोल मारले. याच्यावर तीनदा एसीएलची शस्त्रक्रिया झालेली. तिसऱ्यांदा पुन्हा पहिल्यापासून, टॉवेल गुंडाळून टाचेखाली ठेवण्यापासून सुरुवात करणं काय असतं, ते मी पेशंटांच्या चेहऱ्यावर रोज पाहते. बहुतेक जण दुसऱ्यांदाच सोडून देतात. शेवटच्या मिनिटांत मॅक्रेने गोल मारून आघाडी मिळवून दिली आणि सामना 89 विरुद्ध 83 असा संपला. त्या दिवशी जॉर्डन रफहेडच्या डोळ्याला चेंडू लागून आत रक्त साकळलं होतं. आठवड्याने तो अंतिम सामन्यात उतरला.

1 ऑक्टोबरला घटस्थापना. सकाळी घट बसवला, दुपारी अडीचला एमसीजीवर चेंडू उसळला. तिकिटं सोडतीने वाटली गेली. मला मिळालं नाही, आजोबांना मिळालं. काठी घेऊन, एकेक पायरी करत ते गेले. आम्ही घरी. मैदानात 99,981 माणसं होती. प्रतिस्पर्धी सिडनी स्वान्स साखळीत पहिले आलेले. मध्यंतराला ते दोन गुणांनी पुढे होते, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी घासत बसले. शेवटच्या सत्रात स्वान्सच्या डॅन हॅनेबरीच्या गुडघ्यावर आमच्या ईस्टन वूडची धडक बसली. फ्री किक द्यायला हवी होती का, यावर सिडनीचे लोक अजून बोलतात, आणि मला त्यांचं चुकीचं वाटत नाही. त्या क्षणी मात्र खोलीतल्या कुणाला पर्वा नव्हती, मलासुद्धा पाव सेकंदच. मग आमच्या डेल मॉरिसने स्वान्सच्या लान्स फ्रँकलिनला मागून धरलं, चेंडू सुटला, तो बॉइडने उचलला आणि खूप लांबून लाथाडला. चेंडू टप्पे खात, हेलकावत, मधल्या दोन खांबांच्या बरोबर मधून आत गेला. 89 विरुद्ध 67. सामन्यानंतर कळलं, मॉरिस मोडलेल्या मणक्यांनिशी खेळत होता. फिजिओ म्हणून मी याचं कौतुक करू नये. केलं.

जोहॅनिसनला सामनावीराचं पदक मिळालं. मग बेव्हरिज यांनी विजेत्या प्रशिक्षकाचं, जॉक मॅकहेल यांच्या नावाचं पदक घेतलं, मर्फीला मंचावर बोलावलं आणि ते पदक स्वतःच्या गळ्यातून काढून त्याच्या गळ्यात घातलं. त्या सामन्यात एक चेंडूही न खेळलेल्या माणसाने वूडबरोबर कप उचलला. आमच्याकडे पुरुष मंडळी अचानक चहाचं बघायला उठली.

त्या रात्री फुट्सक्रेत गाड्यांचे भोंगे थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी विटन ओव्हलवर, क्लबच्या जुन्या मैदानावर, सगळा पश्चिम भाग लोटला होता. टर्बन बांधलेले सरदारजी, हिजाबमधल्या मुली, 1954 चे मफलर घातलेल्या म्हाताऱ्या. मी मुलीला खांद्यावर घेतलं होतं. खरं सांगायचं तर मला थोडं अवघडल्यासारखं झालं. एका हंगामात मी जे फुकट मिळवलं होतं, त्यासाठी माझ्या डावीउजवीकडच्यांनी 62 वर्षं मोजली होती. मी तसं एका बाईंना म्हटलंही. त्या म्हणाल्या, “छे गं, आता हा पायंडा पडला असं समज.” पडला नाही. पुढच्या वर्षी संघ दहावा आला. मर्फी बरा होऊन परतला, एक हंगाम खेळला आणि निवृत्त झाला. अंतिम सामन्याचा नायक बॉइडने 2019 मध्ये 23 व्या वर्षीच खेळ सोडला. चिंता आणि निद्रानाशाने त्याला किती पोखरलं होतं ते त्याने स्वतःच सांगितलं. मांडीची शीर एमआरआयमध्ये दिसते. हे त्या वर्षी आम्हा कुणालाच दिसलं नव्हतं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात क्लिनिक भरून वाहत होतं. नाचून सुजलेले घोटे, उड्या मारून लचकलेल्या कमरा. आजोबा गुरुवारी आले. एमसीजीच्या पायऱ्यांनी गुडघ्याचं व्हायचं ते झालं होतं. सूज इतकी की वाटी दिसत नव्हती. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी खिशातून हॉस्पिटलचं पत्र काढलं. तारीख घेतली होती, डिसेंबरची.

“मार्चअखेर पहिला सामना,” ते म्हणाले. “माझी सीट तिसऱ्या मजल्यावर आहे. तोवर जिने चढता आले पाहिजेत.”

मी म्हटलं, “लिफ्ट आहे की.”

“लिफ्टने यायला मी काय सिडनीचा आहे?”

मग आम्ही ऑपरेशनआधीचे व्यायाम लिहायला बसलो.