गोळी सुटल्यानंतरचा नकाशा

एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला निघालेली माणसं रायफल, दुर्बीण आणि बूट यांवर तासन्‌तास बोलतात आणि नकाशाचा विषय एका वाक्यात उरकतात: "फोनमध्ये सगळं असतं." फोनमध्ये खरोखरच पुष्कळ असतं. पण अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या डोंगरांत काही हंगाम काढल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. फोनवरचं नकाशाचं अ‍ॅप चांगलं की हातात धरायचा जीपीएस, हे विचारण्याआधी कुठल्या घडीला काय लागणार आहे ते ठरवायला हवं. गोळी सुटेपर्यंत अ‍ॅपला तोड नाही. गोळी सुटल्यानंतर माझा भरवसा हातातल्या जीपीएसवर असतो. आणि शिकाऱ्याचा कस लागतो तो गोळी सुटल्यानंतरच.

मी सातारा जिल्ह्यात वाढलो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा घातला आणि ते योग्यच झालं. कोलोरॅडोतली परिस्थिती वेगळी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथला एल्क संपत आला होता. मग वायोमिंगमधून जनावरं आणून सोडली, शिकारीवर कडक बंधनं घातली, आणि आज राज्यात पावणेतीन-तीन लाखांच्या घरात एल्क आहेत. कुठल्या भागात किती नर आणि किती माद्यांचे परवाने द्यायचे ते राज्याचं वन्यजीव खातं ठरवतं, आणि त्या परवान्यांच्या पैशावर खात्याचं बरंचसं काम चालतं. १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला शिकारीचा अभ्यासक्रम पुरा केल्याशिवाय सहसा परवाना मिळत नाही. मारलेल्या जनावराचं खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं हा गुन्हा आहे. हा शेवटचा नियम मला सगळ्यात जवळचा वाटतो. कायदा नसता तरी मी तो पाळला असता. ज्याचा जीव घेतला ते जनावर सापडलंच पाहिजे, आणि त्याचं मांस घरी आलंच पाहिजे.

आम्ही जातो वायव्य कोलोरॅडोत, फ्लॅट टॉप्सच्या डोंगरात. सोबतीला धाकटा मेहुणा. तो ग्रँड जंक्शनला राहतो, मी डेन्व्हरजवळ. फ्लॅट टॉप्सचा मोठा भाग १९७५ पासून 'वाइल्डरनेस' म्हणून राखलेला आहे. तिथे मोटार नाही, सायकल नाही, ओझं ओढायची चाकाची गाडीसुद्धा नाही. जायचं ते पायी, नाहीतर घोड्यावरून. उंची दहा-अकरा हजार फूट. वर सपाट पठार, कडेला काळे कडे, खाली स्प्रूसची दाट झाडी. १९४० च्या दशकात सालीखालच्या भुंगेऱ्यांनी इथली स्प्रूसची झाडं अफाट प्रमाणात मारली. आजही झाडीत शिरलं की पडलेल्या खोडांवरून चढ-उतर करत पुढे सरकावं लागतं, आणि चारही दिशा सारख्याच दिसतात.

आमची शिकार सुरू होते ऑगस्टमध्ये, जेवणाच्या टेबलावर. ऑनएक्स किंवा गाया जीपीएससारखं अ‍ॅप उघडायचं आणि उपग्रहाच्या छायाचित्रावर उंचीच्या रेषा टाकून डोंगर वाचायचा. एल्क दिवसा कुठे बसतील? उत्तरेकडच्या उतारावरच्या गार झाडीत. संध्याकाळी चरायला कुठे उतरतील? त्या झाडीला लागून असलेल्या गवताळ पट्टीत. पाणी कुठे आहे, खिंड कुठली, कडा कुठून उतरता येईल, हे सगळं बोटाने मोठं करून पाहता येतं. मी खूण केली की मेहुण्याच्या फोनवर ती दिसते. एवढं काम हातातल्या जीपीएसच्या छोट्या पडद्यावर करायचं तर डोळे शिणतात.

अ‍ॅपचं दुसरं मोलाचं काम म्हणजे जमीन कुणाची ते सांगणं. कोलोरॅडोत खासगी मालकाने कुंपण घालावं किंवा पाटी लावावी असं बंधन नाही. परवानगी आहे की नाही, आपण कुठे उभे आहोत, हे पाहण्याची जबाबदारी शिकाऱ्याची. सरकारी रानाला लागून रँच असतात आणि दोन्हीकडे गवत तेच, झाडं तीच. अशा वेळी पडद्यावरची रंगीत हद्द हाच एक आधार असतो.

त्या हद्दीला किती वजन असतं ते शेजारच्या वायोमिंगमध्ये साऱ्या देशाने पाहिलं. रेल्वे बांधताना एकोणिसाव्या शतकात तिथे एक चौरस मैलाचे तुकडे एकाआड एक रेल्वे कंपनीला दिले गेले, मधले सरकारकडे राहिले. आजही नकाशावर तो भाग बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो. २०२१ मध्ये मिझुरीहून आलेले चार शिकारी एल्क माउंटनवर एका सरकारी चौकोनातून कोपऱ्याला टेकलेल्या दुसऱ्या सरकारी चौकोनात शिडीवरून गेले. खासगी जमिनीला त्यांचा पायही लागला नाही. कोपऱ्याची जागा त्यांनी फोनवरच्या अ‍ॅपने शोधली होती. मालकाने वरच्या हवेतल्या अतिक्रमणाचा दावा लावला. खटला वर्षानुवर्षं चालला. मार्च २०२५ मध्ये दहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालायला नकार दिला. दहाव्या सर्किटच्या कक्षेत कोलोरॅडोही येतं. तरीही मी हद्दीशी खेळत नाही. मोकळ्या आकाशाखाली स्मार्टफोनची अचूकता साधारण ४.९ मीटर, असं अमेरिकी सरकारचं जीपीएसचं संकेतस्थळ सांगतं. झाडीत आणि कड्याखाली ती आणखी ढिली होते. अ‍ॅपमधली हद्दही कुणीतरी कागदांवरून आखलेली असते. म्हणून रेषेपासून चांगलं अंतर राखून चालायचं, हा आमचा नियम.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो मला मराठी मित्रांकडून सतत ऐकू येतो: "रेंज गेली की फोनचा जीपीएस बंद." तसं नसतं. फोन काय आणि हातातला जीपीएस काय, दोघेही सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या त्याच उपग्रहांचे संकेत नुसते ऐकतात. त्यासाठी टॉवर लागत नाही. टॉवरमुळे फोनला उपग्रहांची जागा लवकर कळते, एवढंच. तो नसेल तर प्रत्येक उपग्रह आपली कक्षा दर ३० सेकंदांनी स्वतःच सांगत असतो, तेवढं थांबायचं. नकाशे मात्र घरच्या वायफायवर उतरवून घ्यावे लागतात, आणि रानात फोन एअरप्लेन मोडवर ठेवावा लागतो, नाहीतर टॉवर शोधण्यातच त्याची बॅटरी संपते. ऑनएक्सची सुरुवातसुद्धा २००९ मध्ये मोंटानात हातातल्या जीपीएससाठी जमिनीच्या नकाशांची कार्डं विकण्यापासून झाली होती. उपग्रह दोघांचे सारखेच. फरक पडतो तो थंडीत, अंधारात आणि हातमोजे घातलेल्या बोटांत.

तो फरक मला नीट कळला एका ऑक्टोबरच्या अखेरीस. माझ्याकडे मादीचा परवाना होता. अंगावर नियमाप्रमाणे ५०० चौरस इंच भगवं कापड, डोक्यावर त्याच रंगाची टोपी. सूर्य मावळायला तासभर असताना समोरच्या उतारावर झाडीतून कळप बाहेर आला.

मेहुणा कुजबुजला, "दाजी, रेषा कुठंय?"

जाकिटाच्या आत धरून मी फोन पाहिला. कळप सरकारी रानात होता, पण रँचची हद्द त्याच्या पश्चिमेला फार लांब नव्हती. जखमी जनावर हद्द ओलांडून गेलं तर मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्यामागे जाता येत नाही. आम्ही थांबलो. कळप चरत चरत पूर्वेला बराच सरकला, खालची झाडी त्याला जवळ आली, तेव्हा कुठे मी रायफल टेकवली. अंतरमापकावर २१० मीटर. मादी आडवी उभी होती. गोळी लागल्याचं कळलं. ती दचकली आणि कळपाबरोबर झाडीत शिरली.

इथून पुढे हातातल्या जीपीएसचं काम. जागचं हलण्याआधी तो उचलला, ती उभी होती तिथल्या वाळक्या खोडावर रोखला, होकायंत्राची दिशा पक्की केली आणि अंतर भरलं: २१०. मी उभा होतो तिथून बरोबर तेवढ्यावर नकाशात खूण उमटली. हातमोजे काढावे लागले नाहीत, कारण त्याला बटणं आहेत. मग अर्धा तास बसून राहिलो. लगेच मागे धावलं तर जखमी जनावर आणखी लांब जातं आणि हकनाक हाल सोसतं. बसल्या बसल्या बर्फ भुरभुरायला लागला.

दरी ओलांडून पलीकडे पोचलो तेव्हा अंधार झाला होता. अलीकडून जे एकटं वाळकं खोड दिसत होतं, तशी तिथे कितीतरी होती. खुणेवर गेलो आणि डोक्यावरच्या बॅटरीच्या उजेडात गवतावर केस आणि रक्त दिसलं. पुढे रक्ताच्या प्रत्येक ठिपक्यावर मी बटण दाबत गेलो. ठिपका हरवला की मेहुणा शेवटच्या जागी उभा राही आणि मी पडद्यावर त्या खुणांचा रोख पाहून पुढे शोधी. पडलेल्या खोडांच्या आड ती निपचित पडलेली सापडली. मी तिच्या मानेवर हात ठेवला आणि नमस्कार केला. मला तेव्हा आनंदापेक्षा सुटका जास्त जाणवली: ती सापडली होती.

मग हातांचं काम. कातडं सोडवायचं, पाय सांध्यात वेगळे करायचे, पाठीचं आणि मानेचं मांस काढायचं, सगळं जाळीच्या पिशव्यांत भरून फांदीला टांगायचं. मादीचं मांस साठ-सत्तर किलो भरतं. गाडीपर्यंत खडतर वाट, चाक वापरायचं नाही, पाठी दोन. एका फेरीत ते येत नाही. पहिलं ओझं उचलताना आठवणीसाठी फोटो काढावा म्हणून मेहुण्याने फोन काढला. बॅटरी निम्मी होती, तरी तो हातातच बंद पडला. थंडीत लिथियम-आयनच्या बॅटरीचं असंच होतं. माझाही जेमतेम तग धरून होता.

परतताना बाणाने दाखवलेली सरळ दिशा उपयोगाची नव्हती. ती कड्यावरून गेली असती. उपयोगी पडली ती सकाळपासून यंत्राने टिपून ठेवलेली आमची पायवाट. कडा चुकवून, ओढ्याच्या अरुंद जागी उतरून, ज्या वाटेने माणूस खरोखर चालू शकतो ती वाट. अ‍ॅपही वाट टिपतं, पण दिवसभर टिपत ठेवलं तर संध्याकाळपर्यंत फोन रिकामा होतो, आणि गरज तर तेव्हाच सुरू होते. गार्मिनच्या जीपीएसमॅप ६७ सारख्या यंत्राची बॅटरी नेहमीच्या वापरात १८० तासांपर्यंत चालते असं कंपनी सांगते. जुन्या धाटणीच्या यंत्रांत पेन्सिल सेल बसतात. पुन्हा चार्ज न होणारे लिथियमचे सेल कडाक्याच्या थंडीतही दगा देत नाहीत आणि सुटे सेल खिशात बाळगता येतात.

आमच्या यंत्रातून इरिडियमच्या उपग्रहांमार्फत संदेशही जातो. बायकोला कळवलं, "जनावर मिळालं, दोघे ठीक, उशीर होईल." तिचं उत्तर आलं, "सावकाश या." २०२२ पासून काही फोनही उपग्रहावरून मदत मागू शकतात आणि ती फार चांगली सोय आहे, पण बॅटरी संपलेल्या फोनला ती असून नसून सारखीच. महाराष्ट्रात घरी जाताना मात्र असं संदेश पाठवणारं यंत्र बरोबर नेऊ नये. भारतात परवानगीशिवाय ते बाळगता येत नाही, आणि अशा यंत्रामुळे विमानतळांवर प्रवाशांना अडवल्याच्या घटना घडल्या आहेत.

दुसऱ्या दिवशी सगळं पांढरं झालं होतं. रक्त, पावलं, काहीच दिसत नव्हतं. अस्वल आलं असेल तर त्याला चाहूल लागावी म्हणून आम्ही मोठ्याने बोलत, लांबूनच पाहत खुणेवर गेलो. पिशव्या जशाच्या तशा होत्या, थंडीने मांस उत्तम राहिलं होतं. शेवटचं ओझं गाडीत पडलं तेव्हा रानात खाण्याजोगं काही उरलं नव्हतं.

मला सल्ला विचारणाऱ्या नव्या शिकाऱ्याला मी आधी अ‍ॅप घ्यायला सांगतो. वर्गणी परवडण्याजोगी आहे, आणि जमिनीची हद्द कळल्याशिवाय रानात पाऊल टाकू नये. त्याबरोबर त्या भागाचा कागदी नकाशा आणि होकायंत्र. हातातला जीपीएस काही शे डॉलरचा; तो कधी घ्यायचा, याचं उत्तर अंतरावर आहे. मांस एका फेरीत, उजेडात गाडीपर्यंत येणार असेल तर फोन पुरतो. फेऱ्या दोन-तीन होणार, रात्र पडणार, बर्फ येणार अशा जागी जायचं असेल तर बटणांचं, दांडग्या बॅटरीचं यंत्र हवंच. आणि ते आत्ता घेता येत नसेल तर जवळच शिकार करावी. मांस परत आणता येईल तेवढंच लांब जायचा आपल्याला हक्क आहे.