साठमारीचे अरुंद दरवाजे

बडोद्यास पाहुणा आला म्हणजे त्याला लक्ष्मीविलास राजवाडा दाखवावा, कीर्तिमंदिर दाखवावे आणि संध्याकाळी सुरसागराच्या काठी बसवावे, असा आपल्या घरांतला शिरस्ता आहे. साठमारीची आठवण मात्र आता वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातच उरली आहे.

गेल्या हिवाळ्यात शाळेची सहल कामाठीबागेत नेली असता, झाडाखाली डबे सोडल्यावर मी ती मुलांना सांगितली. जुन्या बडोद्यात हत्तींच्या झुंजींसाठी बांधलेले एक विस्तीर्ण आवार होते. त्याला आगड म्हणत. खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत लुई रूसेले नावाचा फ्रेंच प्रवासी येथे राहून गेला व त्याने या आवाराचे वर्णन लिहून ठेवले. १८७५ साली इंग्लंडचे युवराज आले, तेव्हा त्यांनाही हे खेळ दाखविण्यात आले. सभोवती जाड भिंती आणि त्या भिंतींत जागोजाग अरुंद दरवाजे. माजावर आलेल्या हत्तीला डिवचणारा साठमार जिवावर बेतले की त्यांतून निसटे. माणूस आत जाई, हत्ती बाहेर अडे. साऱ्या बांधणीचे मर्म त्या दरवाज्यांच्या रुंदीत होते.

गोष्ट संपताच सातवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, आणि हत्तीला पळावंसं वाटलं तर?"

मला उत्तर सुचले नाही. त्याला कारणही होते. शाळेच्या मागील अंगणात एका कुत्रीने पिल्ले घातली होती. ती कोणास चावू नये म्हणून मी सभोवती जाळी ठोकविली होती. हिमप्रदेशात घसरगाडी ओढणारी कुत्री पाळणारे लोक, ती उकरून पळू नयेत म्हणून, जाळी जमिनीतही पुरतात, असे वाचले होते, तेही केले. कडी दोनदा तपासली. पण चारी बाजूंनी मुले टक लावून उभी राहत आणि ती माउली पिल्लांवर अंग टाकून गुरगुरत राही. तिने जावे कोठे, हा विचार माझ्या आराखड्यात नव्हता.

आम्ही बसलो होतो ती बाग सयाजीराव महाराजांच्या अमदानीत १८७९ साली लोकांसाठी खुली झाली. जनावरे येथे झुंजविण्यासाठी नव्हे, तर पाहण्यासाठी ठेवली गेली. हा पालट मोठाच. तरी पिंजरा पुष्कळ काळ पाहणाऱ्याच्याच सोयीने बांधला जाई. जर्मनीत कार्ल हागेनबेकने १९०७ साली गजांच्या जागी खंदक योजले, त्यातही प्रेक्षकाची दृष्टी मोकळी राहावी हा हेतू होताच. आता १९९२ साली स्थापन झालेल्या केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाचे नियम जनावरासाठी विसाव्याची जागा मागतात. हत्तींना तर प्राणिसंग्रहालयांत ठेवूच नये, असे २००९ साली ठरले. हत्तीला पुरेल एवढे आवार बांधता येत नाही, याची ती उशिराची कबुलीच म्हणावी.

दुसऱ्या दिवशी त्याच मुलाला हाताशी घेऊन एक लाकडी खोके कुंपणात ठेवले, तोंड भिंतीकडे करून. वर गोणपाट टाकले. घटकाभराने कुत्री एकेक पिल्लू तोंडात धरून आत घेऊन गेली आणि तिची गुरगुर थांबली.

"सर, आता काहीच दिसत नाही," अशी मुलांची तक्रार आली. मी सांगितले, "दिसू नये म्हणूनच तर ते ठेवले आहे."