कच्चे फोटो, पक्के फोटो

मराठी माणसाचा 'कच्च्या'वर विश्वास नाही. पावती कच्ची असली की तो वाद घालतो, रस्ता कच्चा असला की सरकारला नावं ठेवतो आणि मुलगा गणितात कच्चा असला की शिकवणी लावतो. खेळातसुद्धा ज्याच्यावर राज्य येत नाही, ते 'कच्चं लिंबू'. अपवाद काय तो फणसाच्या भाजीचा. असं असताना काही माणसं मुद्दाम कच्चे फोटो काढतात आणि वर त्याचा अभिमान बाळगतात, हे ज्ञान मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी झालं.

निमित्त झालं आमच्या नानांच्या सहस्रचंद्रदर्शनाचं. फोटोंचं काम भाच्यानं आपणहून अंगावर घेतलं. त्याच्याकडे निकॉनचा कॅमेरा आहे. त्यानं औक्षणापासून पानातल्या जिलबीपर्यंत 1,264 फोटो काढले, माझ्या हातावर एक हार्ड डिस्क ठेवली आणि रात्रीच्या गाडीनं बंगळुरूला पसार झाला. मी डिस्क जोडली, तर आतल्या प्रत्येक फायलीचं आडनाव 'एनईएफ'. फोन म्हणाला, उघडत नाही. टीव्ही म्हणाला, ओळखत नाही. कोपऱ्यावरचा फोटोवाला म्हणाला, "साहेब, जेपेग आणा, मग बोलू."

भाच्याला फोन लावला.

"मामा, सगळे रॉमध्ये काढलेत. रॉ म्हणजे प्रकाश जसा पडला तसाच्या तसा. जेपेग म्हणजे नुसता चोथा!"

"अरे, पण चोथा दिसतो तरी!" मी म्हणालो.

आता हे रॉ प्रकरण काय आहे, ते माझ्यासारख्या बी.कॉम. माणसाला समजलं तसं सांगतो. कॅमेऱ्याच्या सेन्सरला रंग कळत नाहीत. उजेड कमी की जास्त, एवढंच कळतं. म्हणून त्याच्या प्रत्येक घरावर रंगीत काच बसवतात. दर चार घरांत दोन हिरवी, एक तांबडी, एक निळी. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बेयर यांची ही युक्ती, 1976 सालच्या पेटंटची. तांबड्या घराला फक्त तांबडं ठाऊक. उरलेले दोन रंग शेजारच्या घरांत चौकशी करून ठरवायचे. आमच्या इमारतीत स्थळांची माहिती काढतात, तीच ही पद्धत.

ही चौकशी व्हायच्या आधीची नोंद म्हणजे रॉ. आमच्या भाषेत रोजकीर्द. तीत उजेडाच्या 16,384 पायऱ्या असू शकतात. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या पायऱ्या 256. हे जेपेग नाव 1992 साली मंजूर झालेल्या एका मानकाचं, आणि ते ठरवणाऱ्या समितीच्याच नावाची ती आद्याक्षरं आहेत. समितीनं ठरवलेली गोष्ट तीस वर्षांहून अधिक टिकल्याचं दुसरं उदाहरण निदान माझ्या पाहण्यात नाही. थोडक्यात, जेपेग म्हणजे पासबुक. सुटसुटीत, खिशात मावणारं आणि कुणालाही वाचता येणारं. पण पासबुकात काय उतरवायचं आणि काय गाळायचं, हे कुणीतरी ठरवावं लागतं. ते ठरवणारा कारकून म्हणजे सॉफ्टवेअर. बँकेनं मला दुसरं काही शिकवलं नसेल, पण कारकुनाची पारख नक्की शिकवली आहे. तेव्हा मी मुलाखती सुरू केल्या.

पहिले उमेदवार नामांकित. पण ते विकत मिळत नाहीत, दरमहा भाड्यानं मिळतात. वडिलांचे फोटो एकदा बघण्यासाठी जन्मभर भाडं भरायचं, हे माझ्या तत्त्वात आणि पगारात बसेना. दुसरे म्हणाले, आधी फुकट वापरून पाहा. पाहिलं. त्यांनी प्रत्येक फोटोवर स्वतःचं नाव आडवं छापून दिलं. लग्नातल्या स्टीलच्या भांड्यांवर नाव घालतात, ते मी समजू शकतो. पण नानांच्या कपाळावर?

मग खरोखर फुकट असलेली मंडळी आली. इरफानव्ह्यू 1996 पासून सेवेत. आमच्या शाखेतल्या जुन्या शिपायासारखं हलकं आणि चपळ. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोघं भलतीच विद्वान. त्यांना शेकडो फायली एकदम देता येतात, पण त्याआधी ती इतके प्रश्न विचारतात, की आपण गृहकर्जाला अर्ज केलाय असं वाटावं.

इकडे मी पारख करत असताना तिकडे देवरुखहून आक्कांचे रोज फोन. आक्का म्हणजे नानांची थोरली बहीण, वय वर्षं 86. मांडीचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेली, म्हणून कार्याला येऊ शकली नाही. "मला एकदा नाना बघू दे रे. पुढचं कुणी पाह्यलंय?" हे ती इतक्या सहज म्हणायची, की पुढं बोलणं सुचत नसे.

तिची घाई पाहून आमच्या चिरंजीवांनी एक नमुना परस्पर तिच्या शेजारणीच्या फोनवर पाठवून दिला. कार्यालयात एका बाजूला पिवळे दिवे, दुसऱ्या बाजूला ट्यूबलाइट, मागं लाल कनात. आता यातला पांढरा नेमका कुठला, ते ठरवायचं त्या सॉफ्टवेअरनं, आणि त्यानं ते आपल्या मनानं ठरवलं होतं. पाचव्या मिनिटाला आक्काचा फोन. "नानाला कावीळ झालीय. माझ्यापासून लपवू नका!" नानांनी स्वतः फोन घेऊन मी ठणठणीत आहे म्हणून सांगितलं. त्यावर आक्का म्हणाली, "आवाजसुद्धा मेला पिवळा वाटतोय."

त्या रात्री मी एकच फोटो चार सॉफ्टवेअरांतून काढला आणि चारही नाना आईसमोर मांडले. एक काश्मीरहून परतलेले, गुलाबी. एक आक्कांचे, काविळीचे. एक राखाडी, उपोषणाच्या अकराव्या दिवसाचे. आईनं चष्मा पुसला. पहिल्यावर बोट ठेवून म्हणाली, "हे हे नव्हेत." दुसऱ्यावर, "हेही हे नव्हेत." तिसऱ्याकडे तिनं पाहिलंच नाही. चौथ्यावर तिचं बोट थांबलं. "हे मात्र हे." पंचावन्न वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याचं नाव एकदाही घेतलं नव्हतं, आणि तेव्हाही घेतलं नाही.

हा चौथा उमेदवार म्हणजे निकॉननंच 2021 साली फुकट उपलब्ध करून दिलेलं एनएक्स स्टुडिओ. कॅमेऱ्यात त्या दिवशी जी मापं लावली होती, ती ते जशीच्या तशी वाचतं. घरच्या मसाल्याचं प्रमाण घरच्यालाच ठाऊक! कॅनन कॅमेऱ्यांसाठीही त्या कंपनीचं असंच फुकट सॉफ्टवेअर असतं. मग रीतसर काम केलं. आधी पाच फोटो काढून आईकडून मंजूर करून घेतले. जेपेगसाठी वेगळा फोल्डर केला. दर्जा शंभरात नव्वद ठेवला आणि रंगांची पद्धत 'एसआरजीबी', म्हणजे कुठल्याही फोनवर रंग फिके पडायला नकोत. रात्री यंत्र चालू ठेवून झोपलो. सकाळी 35 जीबीच्या रोजकीर्दीतून 10 जीबीचं पासबुक तयार!

आक्कांनी ते दोन दिवस पुरवून पुरवून पाहिलं. शेवटी निरोप आला, "नाना छान दिसतो. तुझी आई जरा वाळलीय." म्हणजे रंग बरोबर होता.

आठवड्यानं भाचा म्हणाला, "मामा, एनईएफच्या पोटात कॅमेऱ्यानंच बनवलेला एक जेपेग असतो. जरा जास्त दाबलेला, पण फोनवर बघायला पुरेसा. एक्झिफटूल घेतलं असतं तर काही मिनिटांत सगळे बाहेर आले असते."

"मग आधी का बोलला नाहीस?"

"मामा, पण तो चोथा!"

आता घरातली मंडळी म्हणतात, पक्के फोटो झाले, कच्चे पुसून टाका, जागा अडते. मी साफ नकार दिला आहे. पासबुक मिळालं म्हणून कुणी व्हाउचरं जाळत नाही. उद्या यापेक्षा हुशार कारकून येईल, नानांच्या मागच्या अंधारात उभी असलेली चार माणसं उजेडात आणील. पण त्याला पुढ्यात रोजकीर्द लागेल. म्हणून ती हार्ड डिस्क मी कपाटात मुदत ठेवींच्या पावत्यांशेजारी ठेवली आहे, आणि तिची एक नक्कल भाच्याकडे. या ठेवीवर व्याज नाही. मात्र दर चार-पाच वर्षांनी ती नव्या डिस्कवर उतरवून घ्यावी लागते. नूतनीकरण कुठल्या ठेवीला चुकलंय?