मुंगी माळ्यावर

व्याकरणातल्या बहुतेक गोष्टी खेळात उतरतात. वर्गाचे 'तो', 'ती', 'ते' असे तीन कोपरे केले, की लिंग शिकवायला फळा लागत नाही. वचन उतरतं, काळ उतरतात. प्रत्यय लागताना शब्द बदलतो ते सामान्यरूप तेवढं हटून बसतं, आणि इतकी वर्षं मी त्याच्याच मागे आहे.

यंदा वर्गात आलेल्या एका मुलीनं मला पुन्हा तिथंच नेऊन उभं केलं. तिच्या घरी भोजपुरी, शेजारी हिंदी, मराठी फक्त माझ्या तासाला. लपवलेला खडू शोधायच्या खेळात तिला कोणी हरवू शकत नाही. 'डब्यात? खिडकीत? दप्तराखाली?' एकही रूप चुकत नाही. आणि त्याच दिवशी वहीत लिहिते, 'शाळामध्ये झाड आहे. झाडवर पक्षी आहे.'

तिचं काय चुकतं? 'झाडवर' म्हटलं तरी पक्षी झाडावरच बसलेला दिसतो. सांगायचं ते सगळं 'वर' सांगून टाकतो. मधल्या 'आ'कडे सांगण्यासारखं काही उरत नाही. हिंदीत एकवचनी आकारान्त पुल्लिंगी नाम तेवढं बदलतं. घर, नदी, पाठशाला जशीच्या तशी राहतात. खेळात मी गुण देते म्हणून ती शब्द बदलते. गुण नसले की कशाला बदलेल?

म्हणूनच हल्ली व्याकरणाचे खेळ म्हणून जे चालतं, त्यातलं फार थोडं मला खेळ वाटतं. शब्द वाचा, धावा, बरोबर कार्ड उचला. ती पळत सोडवलेली प्रश्नपत्रिका असते. रूप चुकलं तर डावच फसला पाहिजे, गुण कापायला बाई लागता कामा नये. यावर माझं सहकाऱ्यांशी वाजतं, आणि मी माघार घेत नाही.

मोरो केशव दामल्यांचं 1911चं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' पुन्हा काढलं. त्यात खेळ सापडणार नव्हता, पण सामान्यरूपांचे नियम वाचता वाचता मी वेगळेच शब्द टिपू लागले: नुसत्या सामान्यरूपावर अर्थ फिरतो असे. नावात आणि नावेत. सालात आणि सालीत. वाटेत, वाटीत, वाट्यात. मग माळ हाती लागला, आणि त्या रात्री आनंदानं मला झोप आली नाही.

आता फरशीवर खडूनं उघडा माळ, फुलांची माळ आणि घराचा माळा काढते. एकानं सांगायचं, दुसऱ्यानं कागदाची मुंगी ठेवायची. 'मुंगी माळावर.' 'मुंगी माळेवर.' 'मुंगी माळ्यावर.' 'मुंगी माळवर' म्हटलं की समोरचा मुंगी हातात धरून नुसता उभा. मला बोलावंच लागत नाही. एकदा त्या मुलीनं फरशीवर पागोटेवाला माळी काढला आणि विचारलं, ''टीचर, 'माळ्यावर' म्हणजे याच्या डोक्यावर पण ना?'' मराठीच्या तासाला मला याहून चांगला प्रश्न कोणी विचारलेला नाही.

तरी पाहुणे येतात तेव्हा मी तीन कोपऱ्यांचाच खेळ घेते. वर्ग दणाणतो, पाहुणे खूश होतात, कौतुक माझं होतं. ते मला हवं असतं. मुंगीच्या खेळात मुलं ओणवी होऊन कुजबुजतात आणि मी भिंतीशी उभी असते. त्यात बघणाऱ्याला बाई दिसत नाही.

वहीत 'झाडावर' येऊ लागलंय, रोज नाही. 'कापसात', 'लाकडावर' ही रूपंही येतील. तिथला बदल कानाला कळतो. अडलंय ते विहिरीशी. ती 'विहीरीत' लिहिते, आणि दोन्ही वेलांट्या बोलण्यात सारख्याच ऐकू येतात, अगदी मलासुद्धा. इथे मुंगीचा उपयोग नाही, डोळ्यांचा खेळ लागेल. दोन रंगांच्या पुठ्ठ्यांतून पहिल्या आणि दुसऱ्या वेलांट्या कापून ठेवल्यात. पण चुकीची वेलांटी लावली तर डाव कशानं फसावा, ते अजून सुचलेलं नाही.