गुडघाभर पाणी

वाचकहो, पावसाळ्यातील नाला एकदा दिवसा पाहावा आणि एकदा रात्री. दिवसा ज्या पाण्यात गुराखी पोरे डुंबतात, तेच पाणी काळोखात गर्जत अंगावर धावून येत आहेसे वाटते. पाणी तेवढेच असते. वाढते ती आपली भीती. अशाच एका नाल्याच्या काठी आम्ही पंचेचाळीस वर्षे खिळून उभे होतो. प्रभूच्या कृपेने अलीकडे तो ओलांडून पलीकडे आलो. ही हकीकत सांगताना आजही लाज वाटते; परंतु आपल्या घराघरांतून असे किती जीव मनातल्या मनात कुढत असतील, हा विचार येतो आणि लेखणी उचलावीशी वाटते.

आमचे गाव खानापूर तालुक्यात, जंगलाच्या कडेला. १९७९ सालचा जुलै महिना होता. भातलावणी आटोपत आली होती आणि आमचे बाबा तापाने अंथरुणाला खिळले होते. गावात डॉक्टर नव्हता, वाहन नव्हते. एका रात्री त्यांना धाप लागली. त्यांनी आईला जवळ बोलावून सांगितले, "पाद्रींना बोलावून आणा." ख्रिस्तमंदिर तीन मैलांवर, नाल्याच्या पलीकडे. घरात मोठा मुलगा म्हणजे आम्हीच. वय वर्षे सतरा. आईने कंदील पेटवून हाती दिला, डोक्यावर इरले घातले, कपाळावर क्रूसाची खूण केली आणि आम्हास वाटेला लावले.

नाल्यावरचा साकव पावसाने मोडला होता. परंतु त्याच्या खालच्या अंगास माणसांचा नेहमीचा उतार होता. आम्ही पाण्यात पाय घातला. पाणी गुडघ्याला लागले. समोर जंगल होते, काळोख होता आणि पाण्याचा तो आवाज होता. पाय पुढे पडेना. आम्ही माघारी फिरलो आणि शेतातल्या एका रिकाम्या गोठ्यात कंदील जवळ घेऊन बसून राहिलो. थोडे उजाडले की जाऊ, असे मनाला सांगत राहिलो. उजाडले तेव्हा जाण्याचेही धैर्य उरले नव्हते. घरी परतलो तो अंगणातच रडण्याचा आवाज कानी आला. बाबा प्रभूच्या भेटीस गेले होते. आईने विचारले, "फादर कुठं आहेत?" आम्ही उत्तरलो, "नाल्याला पूर होता. गळ्याइतकं पाणी."

आई काहीच बोलली नाही. अंत्यविधीस जमलेली माणसे आमच्या पाठीवरून हात फिरवीत म्हणाली, "पोरानं आपल्याकडून प्रयत्न केला." तो प्रत्येक हात आम्हास निखाऱ्यासारखा लागला.

काही महिन्यांनी आम्ही पापनिवेदन केले, ज्यास आमच्याकडील जुनी माणसे आजही कुमसार म्हणतात. धर्मगुरूंनी शांतपणे ऐकून घेतले आणि पापक्षमा दिली. गुडघे टेकून उठलो तेव्हा अंग हलके झाले होते. पण घराची वाट अर्धी सरली नाही तोच मनात आले, 'पाणी गुडघाभर होते असे आपण म्हटले, की नुसतेच पाणी होते असे म्हटले?' पुढच्या खेपेस ते स्पष्ट सांगितले. मग वाटले, गोठ्यात बसलो ते जाणूनबुजून, हे सांगावयाचे राहिले. त्यानंतर वाटले, सारे सांगितले खरे, पण पश्चात्ताप पुरेसा झाला होता काय? त्याच धर्मगुरूंपुढे तेच गाऱ्हाणे किती वेळा न्यावे, म्हणून आम्ही शेजारच्या धर्मग्रामांत जाऊ लागलो. प्रत्येक ठिकाणी क्षमा मिळे आणि प्रत्येक वेळी ती वाटेत हरवे.

सर्वांत मोठी भीती निराळीच होती. आमच्यामुळे बाबांना अखेरचा संस्कार लाभला नाही. मग त्यांच्या आत्म्याचे काय झाले असेल? हा प्रश्न आम्ही कोणास विचारला नाही. पुढे लग्न झाले, मुले झाली. मुलीला ताप आला की वाटे, देव जुने देणे वसूल करतो आहे. मुलगा घरी यावयास उशीर झाला की आमच्या पोटात गोळा उठे. ज्या देवाला आम्ही रोज 'आमच्या बापा' म्हणून हाक मारीत होतो, तो मनातून आमचा सावकार झाला होता. वही उघडून बसलेला, व्याजावर व्याज चढविणारा. मुलांनाही आम्ही तीच भाषा शिकविली. "देव बघतो आहे, शिक्षा करील," हे वाक्य आमच्या घरात फार वेळा ऐकू येई. पावसाळ्याच्या रात्री तर आम्हास झोप अशी नसेच.

२१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात जुन्या गोव्यास संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन होते. दर दहा वर्षांनी येणारी ही पर्वणी. आम्ही सहकुटुंब चोर्ला घाटाने तेथे गेलो. दर्शन झाले, आणि जुन्या सवयीने आमचे पाय पापनिवेदनाकडे वळले. एक वयोवृद्ध धर्मगुरू बसले होते. आम्ही पुन्हा नाला, कंदील आणि गोठा सांगू लागलो. त्यांनी मध्येच हळू आवाजात विचारले, "हे तुम्ही पूर्वी सांगितलं आहे का?" आम्ही म्हणालो, "होय, फादर." "किती वेळा?" आम्हास उत्तर देता येईना.

क्षणभर थांबून ते म्हणाले, "ज्यांच्या दर्शनाला तुम्ही आलात, त्यांच्या गुरूंनाही हेच दुखणं होतं. त्यांचं चरित्र मिळवून वाचा. आता मी सांगतो ते ऐका. हे पाप पुन्हा कधीही पापनिवेदनात आणू नका. शंका आली तरी आणू नका. देवाचं देणं केव्हाच फिटलं आहे. तुमची आई आहे का?" आम्ही म्हणालो, "आहे. चौऱ्याऐंशी वर्षांची." ते म्हणाले, "मग तिला खरं सांगणं तेवढं राहिलं आहे."

घरी येताच आम्ही ते चरित्र मिळविले. संत इग्नेशियस लोयोला म्हणजे येशूसंघाचे संस्थापक, एवढेच आम्हास ठाऊक होते. हा शूर सरदार २० मे १५२१ रोजी पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडून पडला. आजारपणात त्याचे मन प्रभूकडे वळले. मार्च १५२२ मध्ये मोन्सेरात येथील मठात त्याने आयुष्यभराची पापे लिहून काढून तीन दिवस पापनिवेदन केले आणि आपली तलवार पवित्र मरियेच्या वेदीपाशी ठेवून दिली. येथे गोष्ट संपावयास हवी होती. परंतु जवळच्या मानरेसा गावी राहत असता त्याला पापशंकेने घेरले. काही सांगावयाचे राहून तर गेले नाही ना? तो पुन्हा पापनिवेदनास जाई आणि पुन्हा अस्वस्थ होई. धर्मगुरूंनी बजावले, की अगदी स्पष्ट असेल ते सोडून मागचे काही काढू नकोस. पण त्याला तर सारेच स्पष्ट वाटे! रोज सात तास तो गुडघे टेकून प्रार्थना करी. ज्या खोलीत तो राहत होता तेथील एका मोठ्या भगदाडातून उडी टाकून जीव द्यावा, असेही त्याच्या मनात येई. परंतु देवाला दुखविणारे कृत्य करणार नाही, असे ओरडून तो स्वतःला सावरी. एकदा तर आठवडाभर त्याने अन्नाला स्पर्श केला नाही. धर्मगुरूंनी आज्ञा केली तेव्हा तो जेवला. दोन दिवस बरे गेले आणि शंका पुन्हा परतली.

अखेरीस त्याच्या ध्यानात आले, की एका पापाच्या आठवणीतून दुसरी आठवण निघते, दुसरीतून तिसरी, आणि या साखळीच्या शेवटी जीवनाचाच वीट येतो. जी वाट निराशेकडे नेते ती प्रभूची कशी असेल? झोपेतून जागे व्हावे तसा तो जागा झाला. मागचे काहीही पुन्हा पापनिवेदनात आणावयाचे नाही असे त्याने ठरविले आणि त्या दिवसापासून तो मुक्त झाला. ही मुक्तता प्रभूने आपल्या दयेने दिली, अशी त्याची खात्री होती. उतारवयात त्याने आपल्या एका सहकाऱ्यास हे सारे सांगून लिहवून घेतले, म्हणून ते आज आपणांस वाचावयास मिळते.

हे वाचून आम्ही बराच वेळ स्तब्ध बसलो. इग्नेशियस मानरेसाच्या त्या खोलीत पापे मोजीतच राहिला असता तर? तो पॅरिसला गेला नसता, तरुण झेवियर त्याला भेटला नसता, आणि ६ मे १५४२ रोजी गोव्याच्या किनाऱ्यास लागलेला तो महान धर्मप्रचारक कदाचित आपल्यापर्यंत आलाच नसता. पुढे १६२२ साली गुरू आणि शिष्य एकाच दिवशी संतपदास पोहोचले. भीतीने बांधलेला माणूस स्वतःभोवतीच फिरत राहतो. क्षमेने सुटलेला माणूस मात्र इतरांच्या उपयोगी पडतो.

पण आमचे काम अजून राहिले होते. एका दुपारी आई पडवीत सुपात तांदूळ निवडीत बसली होती. आम्ही तिच्यासमोर बसून म्हणालो, "आई, बाबा गेले त्या रात्री नाल्याला पूर नव्हता. पाणी गुडघाभर होतं. मी भ्यालो."

तिचा हात थांबला नाही. ती म्हणाली, "ठाऊक आहे रे मला. त्याच दिवशी पलीकडची माणसं मातीला आली, पाद्रीही आले, ते सारे नाल्यातनंच आले. माणसांची धोतरं गुडघ्यापर्यंतच भिजली होती."

आम्ही थक्क झालो. जे आम्ही पंचेचाळीस वर्षे छातीशी दडवून ठेवले, ते तिने त्याच दिवशी ओल्या धोतरांवर वाचले होते! आम्ही विचारले, "मग तू कधी बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुझ्या तोंडाकडं बघवत नव्हतं. तू सांगशील म्हणून वाट पाहिली. तू पोर होतास, त्या काळोखात मीच तुला धाडलं होतं." मग सूप बाजूला ठेवून ती म्हणाली, "तू गेल्यावर मी ह्यांच्या कानाशी पश्चात्तापाची प्रार्थना म्हटली. ह्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. क्रूस छातीशी घट्ट धरला होता. रिकाम्या हाती गेले नाहीत ते. आणि तू एवढ्यासाठी पावसात जागा राहत होतास?"

वाचकहो, धर्मगुरू वेळेवर पोहोचू शकले नाहीत तरी देवावरील प्रेमातून उपजलेला परिपूर्ण पश्चात्ताप, आणि शक्य होताच पापनिवेदन करण्याचा निश्चय, यांच्या योगे गंभीर पापांचीही क्षमा लाभते, ही ख्रिस्तसभेची शिकवण आम्ही लहानपणी पाठ केली होती. पण बाबांच्या बाबतीत ती कधी आठवलीच नाही. भीतीला शिकवण आठवत नसते.

प्रभूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यात मुलगा वाटेत आपले बोलणे तयार करतो. काय सांगावे, कोणत्या शब्दांत सांगावे. घरी आल्यावर बाप त्याला ते पुरे म्हणूही देत नाही. तो झगा मागवितो, अंगठी मागवितो. आम्ही मात्र आयुष्यभर तेच बोलणे घोकीत दाराबाहेर उभे होतो.

पश्चात्ताप नकोच, असे कोणी समजू नये. आमची भीती खरी होती, खोटे बोलणेही खरे होते आणि ते सांगावयासच हवे होते. परंतु खरा पश्चात्ताप माणसाला कोणाकडे तरी घेऊन जातो. प्रभूकडे, धर्मगुरूंकडे, ज्याला दुखविले त्याच्याकडे. पेत्र चुकला, रडला आणि पुन्हा प्रभूकडे आला. यहूदाने चांदीची नाणी परत केली, पण प्रभूकडे तो गेला नाही. पापशंका मात्र घाण्याच्या बैलासारखी जागच्या जागी फिरविते. संत इग्नेशियस आपल्या आध्यात्मिक साधनेच्या ग्रंथात एक दृष्टान्त देतात. चालताना गवताच्या दोन काड्या क्रूसाच्या आकारात पडलेल्या असून अजाणता त्यांवर पाय पडला, तर त्यात पाप नाही. आमच्या शेतकरी बांधवांनी हे अवश्य ध्यानी धरावे. आपल्या खळ्यात अशा काड्या पावलोपावली पडलेल्या असतात!

तेव्हा ज्यांना हे दुखणे असेल त्यांनी एका धर्मगुरूंना धरून राहावे, त्यांचा शब्द मानावा आणि क्षमा झालेले पाप पुन्हा उकरू नये. शंका काही केल्या सुटत नसेल, झोप व अन्न तुटत असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जावे. मनाच्या या दुखण्यावर आज उपचार आहेत आणि ते घेण्यात श्रद्धेची उणीव मुळीच नाही. आईबापांनी मुलांस धाक घालण्यासाठी देवाचे नाव वापरू नये. आमच्या घरातून ते वाक्य आता हद्दपार झाले आहे.

नाल्यावर आता पक्का पूल आहे. आईला सत्य सांगितल्यानंतर जो पावसाळा आला, त्यातील एका रात्री पाणी पूर्वीसारखेच गर्जत होते. रोझरी झाली, आईने क्रूसाचे चुंबन घेऊन दिवा मालविला आणि नेहमीप्रमाणे आमच्या कपाळावर खूण केली. पावसाचा आवाज ऐकता ऐकता आम्हास केव्हा झोप लागली ते कळलेच नाही.